मुंगीचं वचन भिंतीवर लावू नका, ताई

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा तेवीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला. स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्न हुकले. आता सकाळी अकराला उठतो, संध्याकाळी स्टँडमागच्या टपरीवर तिघा मित्रांत जाऊन बसतो आणि रात्री साडेबाराला घरात पाऊल टाकतो. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, त्याच्या खोलीत चिकटवायला आळसावरची वचनं काढून द्या. दुसरी, 'कुसंगतीने नीती बिघडते' असं शास्त्रच, म्हणजे बायबलच, म्हणतं, तर त्या तिघांना घराची पायरी बंद करू का? तुमचे दीर तसं म्हणतात.

पहिली मागणी मी पुरी करणार नाही, रागावू नका. सत्तावीस वर्षं चर्चच्या मंडळीतल्या तरुणांचा शास्त्राभ्यास घेतोय. सुरुवातीला मीही हा उद्योग केलाय. एका घरी बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातलं ६:६ (सहावा अध्याय, सहावी ओवी) सुरेख अक्षरात लिहून, फ्रेम करून नेऊन दिलं: 'अरे आळशा, मुंगीकडे जा.' चार महिन्यांनी गेलो, तर फ्रेम जागेवर होती आणि पोरगं तिच्याच खाली पालथं झोपलेलं. त्याच्या आईनं मला चहा दिला, पण बोलली काही नाही. मला पुरेसं समजलं.

ते का फसलं, हे नीतिसूत्रांतच लिहिलेलं आहे. मी नीट वाचलं नव्हतं, एवढंच.

आळशी माणसासाठी मूळ हिब्रूत 'आत्सेल' हा शब्द आहे. तो चौदा वेळा येतो आणि सगळ्याच्या सगळ्या वेळा नीतिसूत्रांतच. ही चौदा वचनं एका कागदावर उतरवून सलग वाचली, तर उपदेशापेक्षा एखाद्या माणसाचं व्यंगचित्र पाहतोय असं वाटतं. दार बिजागरीवर फिरतं तसा तो अंथरुणात कुशी बदलतो, म्हणजे हालचाल भरपूर आणि जागा तीच (२६:१४). ताटात हात घालतो, पण घास तोंडापर्यंत न्यायचा त्याला कंटाळा (२६:१५). आपल्याकडे 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणतात. नीतिसूत्रे ज्याच्या नावावर आहेत त्या शलमोन राजाच्या आळशाला हरीनं खाटल्यावर आणून दिलं, तरी भरवायला कोणी लागेल. आणि त्याला कामाला पाठवणाऱ्याची दशा काय होते? दातांना आंब आणि डोळ्यांना धूर (१०:२६). तुमच्या पत्रात तो धूर मला दिसला, ताई. शास्त्रानं तुमचा वैताग आधीच नोंदवून ठेवलाय.

पण व्यंगचित्रात दोन जागा अशा आहेत की तिथं हसू थांबतं. पहिली २६:१६. सात माणसं विचारपूर्वक उत्तर देणारी असली, तरी हा स्वतःला त्यांच्याहून शहाणा समजतो. मग सांगा, भिंतीवरचं आठवं उत्तर त्याचं काय करणार? दुसरी १३:४ आणि २१:२५. आळशाला इच्छा नसते, असं आपण समजतो. नीतिसूत्रे उलट सांगतात की इच्छा त्याच्यात उतू जाते आणि तीच त्याला मारते, कारण हात कामाला तयार नसतात. तुमच्या मुलाला काही नकोच आहे असं धरून बोलू नका. त्याला बहुधा फार मोठं काहीतरी हवंय.

आता सिंह. 'बाहेर सिंह आहे, रस्त्यात माझा जीव जाईल' ही आळशाची सबब दोनदा आली आहे (२२:१३ आणि २६:१३). लोक यावर हसतात, पण त्या काळी इस्राएल देशात सिंह खरोखर होते. पुढे राजा झालेल्या दाविदानं मेंढरं राखताना सिंह मारल्याचं शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहेच. म्हणजे सबब निव्वळ थाप नाही. सिंह खरा, फक्त तो भर चौकात उभा नाही. तुमचा मुलगा म्हणत असेल की जागा निघत नाहीत, निकाल रखडतात, ओळख लागते. त्याला खोटं पाडायला जाऊ नका, त्यात तथ्य आहे. सिंह रानात आहे हे मान्य करायचं आणि किराणा दुकानापर्यंतचा रस्ता मोकळा आहे हे दाखवायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

जाता जाता एक गोष्ट, कारण शेतकरी घरातली मुलं ती हमखास विचारतात. २०:४ म्हणतं, आळशी हिवाळा लागला म्हणून नांगरत नाही आणि कापणीच्या वेळी मागत फिरतो. आपल्याकडे नांगरट उन्हाळ्यात आणि पेरणी मृगाच्या पावसावर, मग हिवाळ्यात कसली नांगरणी? इस्राएलातलं चक्र वेगळं आहे. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, उन्हानं कडक झालेली जमीन तेव्हा कुठे मऊ होते आणि थंडी-पावसात भिजत नांगर धरावा लागतो. सातू एप्रिलच्या सुमारास येतो, गहू त्यानंतर. तिथल्याच गेजेर या प्राचीन गावी १९०८ मध्ये चुनखडीची एक लहानशी पाटी सापडली, तिच्यावर वर्षभराची शेतीची कामं महिन्यांच्या हिशेबानं कोरली आहेत. पेरणीचे दोन महिने, उशिराच्या पेरणीचे दोन महिने, पुढे सातूच्या कापणीचा एक. त्या हिशेबात एक पाळी चुकली की वर्ष गेलं. आळशाचा गुन्हा झोपेचा नाही, ताई, वेळेचा आहे. दुपारी दोनला झोपलेला माणूस आळशी असेलच असं नाही. आमच्या मंडळीत रात्रपाळीचे तिघे आहेत.

आता मुद्द्याकडे येतो. तुम्ही आळस आणि संगत असे दोन प्रश्न विचारलेत. मला ती एकच गाठ वाटते आणि ती एका शब्दात सापडते.

नीतिसूत्रे १२:११ आणि २८:१९ ही जवळजवळ जुळी वचनं आहेत. जो आपली जमीन कसतो तो भाकरीनं तृप्त होतो, आणि जो 'रेकीम'च्या मागे लागतो... पुढे एका ठिकाणी तो बुद्धिहीन ठरतो, तर दुसऱ्या ठिकाणी दारिद्र्यानं 'तृप्त' होतो. तृप्तीसाठी दोन्हीकडे एकच क्रियापद मुद्दाम वापरलंय: एकाचं पोट भाकरीनं भरलं, दुसऱ्याचं दारिद्र्यानं. 'रेकीम' म्हणजे रिकामे. रिकाम्या गोष्टी की रिकामी माणसं? हिब्रूत दोन्ही बसतं, म्हणून भाषांतरांत कुठे 'निरर्थक गोष्टी' तर कुठे 'निरुपयोगी लोक' दिसतं. मला वाटतं, ती संदिग्धता तशीच राहू द्यावी, कारण मराठीला ती आयती कळते. रिकामपण आणि रिकामटेकडे एकाच घरात राहतात. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, आणि दुसरा रिकामा न्हावी भेटला तर दोघं मिळून दोन भिंतींना लावतात.

हाच शब्द बायबलमधल्या शास्त्यांच्या पुस्तकात माणसांसाठी आलाय. राजा व्हायला निघालेल्या अबीमलेखानं शखेम गावातल्या बआल-बरीथाच्या देवळातून चांदीचे सत्तर तुकडे घेतले आणि त्या पैशावर रिकामी, उनाड माणसं भाड्यानं आणली (९:४). पुढे आपल्याच भावांची कत्तल केली, ती याच माणसांच्या बळावर. इफ्ताहाला भावांनी घरातून हाकललं, तो तोब देशात जाऊन राहिला आणि तिथंही रिकामी माणसं त्याच्याभोवती जमली (११:३). या दोन्ही ठिकाणी मला एकच दिसतं. रिकामं माणूस फार दिवस रिकामं राहत नाही, त्याला कोणीतरी कामाला लावतंच. प्रश्न एवढाच की आधी कोण पोहोचतं.

तिसरी जागा २३:१९ ते २१. मद्यपी आणि खादाड यांच्यात बसू नकोस, कारण ते दरिद्री होतात आणि झोप माणसाला चिंध्या नेसवते. आधी बैठक, मग सुस्ती, मग चिंध्या. वचनातला हा क्रम पाहा आणि तुमच्या घरातलं घड्याळ पाहा. अकराला उठणं हा सकाळचा प्रश्न वाटतो, पण तो आदल्या रात्री साडेबाराला सुरू झालेला असतो.

तर मित्र तोडायचे का?

तुमच्या दिरांचं वचन प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे, तेहेतिसावी ओवी. हा अख्खा अध्याय पुनरुत्थानावर आहे. करिंथातले काही जण म्हणत होते, मेलेले उठत नाहीत. त्याच्याच आधीच्या ओळीत पौल त्यांचं तत्त्वज्ञान सांगतो: खाऊ, पिऊ, उद्या मरायचंच आहे. त्याला उत्तर म्हणून तो ही म्हण देतो, आणि ती मेनांदर या ग्रीक नाटककाराची ओळ आहे. 'संगत' म्हणून जो शब्द आलाय त्याचा ग्रीकमध्ये 'बोलणं' असाही अर्थ होतो. पौलाला माणसांपेक्षा त्या बोलण्याची भीती होती: उद्याला काही अर्थ नाही, हे रोज कानावर पडणं. टपरीवर 'काही होत नाही रे आपलं' हे वाक्य रात्रीतून किती वेळा म्हटलं जातं, ते मोजा. आणि याच पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल स्वतः खुलासा करतो की वाईट माणसांपासून दूर राहा म्हणजे जगातल्या सगळ्यांपासून नव्हे, नाहीतर तुम्हाला जगाबाहेरच जावं लागेल. पायरी बंद करायला हे वचन पुरत नाही.

नीतिसूत्रांचं स्वतःचं सूत्र १३:२० मध्ये आहे. 'सुज्ञांची सोबत धर' असं आपण वाचतो, पण मुळात शब्द चालण्याचा आहे: शहाण्यांबरोबर चाल. दुसऱ्या अर्ध्या ओळीत शब्दांचा खेळ आहे, मूर्खांचा 'रोए' 'येरोआ', म्हणजे त्यांचा सोबती नुकसान पावतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही आपली म्हण जवळपास तेच सांगते. फरक एवढाच की आपला पवळ्या बांधलेला आहे आणि तिथला माणूस चालतोय. बांधलेल्याला सोडून आणता येतं. चालणाऱ्याला मागे ओढून उपयोग नसतो, त्याला दुसऱ्या कुणाबरोबर चालायला मिळावं लागतं.

वयाचंही ध्यानात ठेवा. शलमोनाचा मुलगा रहबाम राजा झाला, तेव्हा त्यानं वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकला आणि आपल्याबरोबर वाढलेल्या 'तरुणांचं' ऐकलं. माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड आहे असं सांग, हे त्यांनी त्याला शिकवलं; त्यानं प्रजेला बापाहून कडक जू लादीन असं सुनावलं आणि इस्राएलाचे दहा वंश गमावले (१ राजे १२). संडे स्कूलमध्ये आपण हे पोरांच्या पोरकटपणाचं उदाहरण म्हणून शिकवतो. पण दोनच अध्यायांनी पुढे लिहिलंय की गादीवर बसला तेव्हा रहबाम एकेचाळीस वर्षांचा होता. म्हणजे ते 'तरुण' चाळिशीचे बाप्ये होते. कट्टा वयानं आपोआप सुटत नाही. आणि हुशार मित्र म्हणजे चांगला मित्र असंही नव्हे. दाविदाचा मुलगा अम्नोन याचा मित्र योनादाब याला शास्त्र 'फार शहाणा' म्हणतं आणि त्याच शहाणपणातून अम्नोनाच्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, अत्याचाराची वाट तयार झाली (२ शमुवेल १३).

दुसरी बाजू सांगितली नाही तर मी लबाड ठरेन. अदुल्लामच्या गुहेत दाविदाभोवती जे चारशे जमले ते अडचणीतले, कर्जबाजारी, मनानं कडू झालेले होते (१ शमुवेल २२:२). तुमच्या दिरांनी त्यांनाही पायरी बंद केली असती. येशूवर आरोप झाला तो 'खादाड व दारुडा' हाच. म्हणून त्या तिघांची नावं आधी विचारा. कोणाच्या घरी काय आहे, कोण कशात नापास झाला. नीतिसूत्रांत पहिला उपदेश संगतीचाच आहे (१:१० पासून), आणि तिथला बाप टोळीचं बोलणं शब्दन् शब्द मुलापुढे मांडतो: आमच्याबरोबर चल, आपली सगळ्यांची थैली एक. त्या बापाला टोळीचं आमिष पाठ आहे. तुम्हाला टपरीचं आहे का? तिथं त्याला काय मिळतं, जे घरात मिळत नाही? माझा अंदाज असा की तिथं त्याला 'पुढे काय?' असं कोणी विचारत नाही.

थेस्सलनीकाच्या मंडळीत आळस आणि संगत हे दोन्ही एकाच प्रकरणात आले. तिथलं एक वचन सगळ्यांना तोंडपाठ असतं: ज्याला काम करायची इच्छा नाही त्यानं खाऊही नये (२ थेस्सलनीकाकरांस ३:१०). 'इच्छा नाही' हे शब्द सोडून ते वाचलं जातं, तिथं माझं भांडण आहे. ज्याला काम मिळत नाही त्याच्याबद्दल पौल इथं अवाक्षर बोलत नाही. नीतिसूत्रे १३:२३ तर म्हणतं की गरिबाच्या जमिनीत भरपूर पिकतं, पण अन्यायानं ते वाहून जातं. बेकार आणि आळशी एकाच मापात घालणाऱ्यांनी ही ओळ वाचावी. आणि खाऊ नये म्हणणारा पौल पाच ओळींनी काय म्हणतो? अशा माणसाची संगत धरू नका, पण त्याला शत्रू समजू नका, भाऊ म्हणून समज द्या (३:१४, १५). घरातलं ताट बंद करायची धमकी त्याला कुणी दिली असेल, तर ती आजच मागे घ्या.

आता एक गंभीर गोष्ट. नीतिसूत्रांच्या त्याच तेराव्या अध्यायात बारावी ओळ आहे: आशा लांबली की अंतःकरण आजारी होतं. दोनदा हुकलेल्या मुलाची झोप आळसाचीच असते असं नाही. जेवण कमी झालंय का? पूर्वी आवडायचं ते आता नकोसं झालंय का? 'मी नसतो तर बरं' असं काही बोलतो का? तसं असेल तर हे उत्तर इथंच ठेवा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या, मनोविकारतज्ज्ञाकडे. तोंडातून शेवटचं वाक्य निघालं असेल तर आजच न्या आणि तोवर एकटं ठेवू नका. प्रार्थना करायला मी येईनच, पण डॉक्टरऐवजी नव्हे.

संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागून झोपला, तेव्हा देवदूतानं त्याला मुंगी दाखवली नाही (१ राजे १९). निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचा लोटा ठेवला. त्यानं खाल्लं आणि तो पुन्हा झोपला. पुन्हा खायला दिलं. त्यानंतर लांबचा रस्ता, नंतर काम आणि शेवटी एक सोबती, अलीशा. आणि अलीशा सापडला कुठे? बैलांच्या बारा जोड्या पुढे होत्या आणि हा बाराव्या जोडीवर नांगर धरून होता.

मी काय करतो ते सांगतो, मग तुम्ही ठरवा. वचनाऐवजी माणूस शोधतो. आईबाप नको, मामा-काका नको, उपदेश करणारा पाळकही नको. हातानं काम करणारा, कमी बोलणारा, ज्याला खरंच एका जोडीदाराची गरज आहे असा. काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आमच्या मंडळीतल्या वायरमनकाकांबरोबर लावून दिला. पहिले तीन आठवडे त्यानं फक्त शिडी धरली. काकांनी एकदाही परीक्षेचं विचारलं नाही, फक्त सकाळी साडेसातला गल्लीत येऊन हॉर्न वाजवायचे. वायरमन तो झाला नाही, आठ महिन्यांनी दुसरीकडे लागला. पण त्या आठ महिन्यांत टपरीवरची त्याची वेळ आपोआप नऊवर आली, कारण दहाला डोळे मिटायचे. मित्र एकही तुटला नाही. त्यांतला एक तर पुढे तीच शिडी धरायला आला.

तुमच्या गावात असं कोण आहे, ते तुम्हीच शोधा. मुलाला 'तुझ्यासाठी' म्हणून पाठवू नका. त्या माणसानंच येऊन 'मला चार दिवस हात हवाय' असं म्हणायला हवं, आणि ते खरं असावं. पैसे थोडे का होईना, त्याच्या हातात रोख पडू देत. दिरांना म्हणावं, महिनाभर गप्प बसा. आणि येत्या रविवारी त्या तिघांना जेवायला बोलवा. काय करायचं ते मुलाला विचारून करा.